सपरीतली मालिका, माजघरातली मालिका

१ नोव्हेंबर १९८७, रविवार. तुमसर
आजचा भागही फसला. या विलायती तपासमालिकेचे आपल्याकडे हे तिसरे वर्ष. बळीरामशेठच्या सपरीत (पुढच्या पडवीत) दर रविवारी दुपारी पुरुषमंडळी जमतात. टीव्हीशेजारच्या स्टुलावर मी. संवाद जरा थांबले की इंग्रजीतले मराठीत उलगडून सांगायचे, असा शिरस्ता. बायका आत माजघरात, उघड्या दारातून पाहतात.
आज मी कारणे देऊन पटवले होते की विष माळ्याने घातले. लगेच इन्स्पेक्टरने बेड्या घातल्या त्या डॉक्टरला! झनकलाल (धान्यबाजारातला अडत्या, जीभ तिखट) म्हणाला, "काहून जी गुरुजी, हा टोपीवाला गलत मानसाले पकडून राहिला का?" सगळे हसले. शेठ म्हणाले, "सिरियलच बिघडली. पहिले कशी मस्त राहे." मलाही रुकार द्यावा लागला. लेखक आळसावला आहे.

२ नोव्हें.
सौ.च्या मते कालचा भाग मस्त होता. डॉक्टरने म्हणे भावाचे मृत्युपत्र बदलले. मी समजावून सांगितले की कथेत भाऊच नाही. "बरं," म्हणाली आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत राहिली. बायकांना पोशाख व बागबगीचे पुरतात, कथानकाची संगती त्या तपासत नाहीत.

८ नोव्हें., रवि.
आज रीतसर चर्चा घडवली. मालिकेचा दर्जा घसरला, हा माझा सिद्धांत. त्याला तीन आधार. एक, नट हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. पहिल्या वर्षी एकेक व्यंजन टाकीने कोरल्यासारखे येई. दोन, पार्श्वसंगीत संवादावर चढते. तीन, पुरावा एकीकडे आणि गुन्हेगार दुसरीकडे. सपरीत एकमत झाले.
तेवढ्यात माजघरातून आवाज आला, "सर, मालिका तशीच आहे. पहिल्यासारखीच." नलिनी, शेठची धाकटी सून, नागपूरच्या कॉलेजात शिकलेली. सासऱ्यांसमोर, चार पुरुषांत ती कधी बोलत नाही. मला फार आनंद झाला. मतभेदाशिवाय चर्चा कसली? म्हटले, "छान. आता कारण दे. शब्द स्पष्ट येतात का?"
"येतात, सर."
"उदाहरण?"
शेठ म्हणाले, "सुनबाई, चहा टाका." विषय तिथेच तुटला. इतकी चांगली चर्चा, आणि अर्धवट.

१५ नोव्हें., रवि.
शेठ: "गुरुजी, आवाज फुल आहे न जी. तिकडं गोठ्यात बैलं बिचकून राहिले." मी म्हटले, स्पीकर फाटला असावा. "सेट नवा आहे," एवढेच बोलले. दुखावले.
आज दोन ठिकाणी सांगितले की इथला संवाद महत्त्वाचा नाही. तो खरोखरच महत्त्वाचा नव्हता का?

१९ नोव्हें., गुरु.
आठवी ब. इंग्रजी क्रियापदाचे भूतकाळी रूप विचारले. पहिल्या बाकावरच्या मुलीने सांगितले. मी म्हटले, चूक. तिने पुन्हा सांगितले. पुन्हा चूक. वर्ग खो-खो हसला. उत्तर बरोबर होते म्हणे. दारात मुख्याध्यापक उभे. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक तारखेला तपासणी. साहेब तुमच्याच तासाला बसणार आहेत. तब्येत बरी आहे न?"
असे का विचारावे?

२० नोव्हें.
प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सौ.ला खाटेवर बसवून मनगटी घड्याळ तिच्या कानापासून हळूहळू दूर नेले. माझा हात संपला, तिची टिकटिक संपेना. मग मी. उजवा कान: घड्याळ टेकवले तरच. डावा कान: घड्याळ बंद पडले असे वाटून किल्ली दिली. बंद नव्हते.
सौ. हसली नाही. तुला माहीत होते? "पोळ्याच्या पहिलेपासून." सांगितले का नाहीस? "कशी सांगू? तुमी बोलता तं सारे मान खाली घालून आयकतात."
मग तिने आणखी एक सांगितले. माजघरात नलिनी बायकांना सारे समजावते. हळू आवाजात, इंग्रजीतले जसेच्या तसे. म्हणजे एकाच घरात दोन मालिका चालू होत्या. आतली चांगली होती. बाहेरची मी रचत होतो.
भाऊ होता.

२२ नोव्हें., रवि.
गेलो नाही. सर्दीचे निमित्त. सिद्धांत पुन्हा तपासला. पहिला आधार पडला, दुसराही पडला. तिसऱ्यातली कथानके माझीच, तेव्हा तोही गेला. मालिका घसरली की नाही, हे सांगण्याचा अधिकारच मला उरलेला नाही. पहिल्या वर्षी नीट ऐकू येत होते. असे वाटते.
झनकलाल दारात: "तुमी नाई तं काय पाहाचं जी? मुक्याचा तमाशा!" सर्दीवर हळद-दूध सांगून गेला. त्याला खरे सांगता आले नाही.

२४ नोव्हें., मंगळ.
शेठच्या राइस मिलमध्ये जाऊन त्यांना कानांचे सांगितले. धान सडणाऱ्या हुलरच्या खडखडाटात त्यांचे ओठ पाहत राहिलो, तेव्हा ते मला बाहेर बोऱ्यांच्या थप्पीमागे घेऊन आले. नलिनीला स्टुलावर बसवा, अशी विनंती केली. त्यांनी तांदळाचा दाणा दाताखाली फोडून पाहिला. "मायच्या डोळ्यादेखत सून सपरीत बसन? नाई जमत, गुरुजी. तुमीच सांगा. आमाले गलत बी चालते."
मायेनेच म्हणाले. मला मात्र फार लागले. बत्तीस वर्षे मुलांना चूक चालत नाही असे सांगत आलो.

२९ नोव्हें., रवि.
स्टूल टीव्हीपासून उचलून माजघराच्या चौकटीला लावले, उजवा कान दाराकडे. नलिनी दाराआड. ती कुजबुजली, मला काही कळले नाही. जरा मोठ्याने, तरी नाही. शेवटी बिचारी वर्गात वाचतात तशी खणखणीत बोलू लागली. सपरीतल्या प्रत्येकाला ऐकू जात होते. कोणी मान वळवली नाही. ती वाक्य संपवी, मग मी तेच सांगे, आणि मंडळी नव्याने ऐकल्यासारखी "अस्सं!" म्हणत. आतून शेठच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला की काय, असे वाटले. शेठ पडद्याकडेच पाहत राहिले.
बेड्या योग्य माणसाला पडल्या. झनकलालने मांडीवर थाप मारली, "सुधरली जी सिरियल!"
उठताना नलिनी डाव्या बाजूने काही म्हणाली. मी हसून मान डोलावली. कशाला होकार दिला, कोण जाणे. पुन्हा विचारायला हवे होते, विचारले नाही.
परवा साहेब आठवी ब वर बसतील. तिथे मान डोलावून भागणार नाही. सौ. म्हणते, उद्याच मुख्याध्यापकांना सांगून टाका. सांगितले तर तास काढून घेतील. न सांगितले, तर ती पहिल्या बाकावरची मुलगी पुन्हा बरोबर उत्तर देईल आणि मी पुन्हा म्हणेन, चूक.