रद्द झालेली रजा

प्रिय आत्या,

काकाची फाइल मिळाली. लष्कराच्या कचेरीतल्या बाईंनी ती पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "सावकाश वाचा."

तुझं नको असलेलं लग्न थांबवायला येतो, असा शब्द काकाने तुला दिला होता. तो आला नाही, म्हणून तू गपचूप बोहल्यावर उभी राहिलीस. तो लढाईत मारला गेल्यावरही तुझा राग गेला नाही.

आत्या, त्याची महिनाभराची रजा मंजूर झाली होती. अर्जावर लाल शाईने 'रद्द' लिहिलंय आणि मागे बाबांच्या अक्षरातलं पत्र टाचलंय: 'बहिणीचं लग्न पुढे ढकललं आहे. धाकट्या भावाला आता रजेची गरज नाही.' लग्न तर ठरल्या दिवशीच झालं, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी त्याच्या चौकीवर तोफगोळा पडला.

बाबांना प्रत दाखवली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "चांगलं स्थळ हातचं जाईल, एवढीच भीती होती," ते म्हणाले. "लढाई पेटेल हे मला कुठं ठाऊक होतं?"

तेवढ्यात तुझा फोन आला. "काही सापडलं का गं?" मी म्हणाले, "शोधतेय." बाबांनी फोन मागून घेतला. वाटलं, आता सांगतील. त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?"

हे पत्र टाकायचं धाडस माझ्यातही नाही. पण तो येणार होता, आत्या.

तोंडाला कुलूप लावून बसलेली,
तुझी भाची