सरबत एकदम बरोबर झालंय

आई,

फ्रीजमध्ये खरबुजाचं सरबत शोधू नकोस, मी ओतून टाकलं. नवी खरबुजं आणायला गेलेय. संध्याकाळी नवरीकडची माणसं आपल्याकडे ऑर्डर दिलेल्या लग्नाच्या जेवणातले पदार्थ चाखायला येतील, त्याआधी पोचते. तोवर काकडी आणि पुदिना चिरून ठेव, पण मीठमसाला मी आल्यावर मीच घालीन.

रागावू नकोस, आधी वाच. घाईत माझा हात भलत्याच डब्यात गेला आणि सरबतात साखरेऐवजी मूठभर मीठ पडलं. तू दोन घोट घेतलेस, मिटक्या मारल्यास आणि म्हणालीस, "एकदम बरोबर झालंय. भर उन्हाळ्यातलं लग्न, आल्या आल्या हेच हातात द्यायचं." मग मी घोट घेतला आणि तशीच बेसिनकडे पळाले. तुला वाटलं, ठसका लागला.

तोंडावर विचारवेना, म्हणून लिहितेय. तुला कधीपासून चव लागत नाहीये, आई? उद्या डॉक्टरांकडे जायचंय. सबबी चालणार नाहीत.

इतके महिने तू माझ्या हातच्या कशालाच नावं ठेवली नाहीस. मी वेडी, मला वाटत होतं, आता मला जमायला लागलं.