तुझं कुलूप अजून तिथेच आहे

प्रिय मेहुणेबुवा,

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन बोटं गेली, उरलेली अजून पट्टीत आहेत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा उद्योग. तुझं नाव निघालं की तुझी ताई भांडी आपटते, आणि दारावर जरा खुट्ट झालं की पहिली तीच धावते.

त्या दिवसाचं तुला निम्मंच माहीत आहे. कणीक मळायच्या मोठ्या यंत्रात मी पातं बदलायला उतरलो. तू मेन स्विच बंद करून त्याला तुझं कुलूप घातलंस, किल्ली खिशात टाकलीस. आपल्या कारखान्याची रीतच ती, ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तरीही पातं फिरलं. माझं ओरडणं ऐकून तू यंत्राचं लाल बटण दाबलंस, म्हणून हात तरी राहिला. दवाखान्यापर्यंत सोबत होतास, मग जो गेलास तो गेलासच.

कंपनीने आधी हात झटकले. नोटीस लागली, की कुलूप नीट लागलं नव्हतं, चूक फिटरची, म्हणजे तुझी. वाचून माझं डोकंच फिरलं. तसाच जाऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये ठाण मांडलं, तर माझ्यामागोमाग भट्टीवाले, पॅकिंगच्या बायका, सगळेच आले. यंत्र उघडून दाखवा, तोवर कुणी हलत नाही, असं सांगितलं. उघडलं तेव्हा सापडली दुसरी वायर. जनरेटर बसवणाऱ्या कंत्राटदाराने ती स्विचला वगळून थेट यंत्राला जोडली होती. वीज गेली, जनरेटर चालू झाला आणि यंत्रही. तुझं कुलूप जागच्या जागी होतं रे!

मॅनेजरने सगळ्यांसमोर ती नोटीस फाडून टाकली, माफी मागितली. ती वायर गेली. यापुढे आत उतरणाराही स्वतःचं वेगळं कुलूप लावणार. हे सगळं ठीक, पण माणसं काय वायर काढून दुरुस्त होतात? दिवा लुकलुकला की भट्टीवाला अजून हातातलं टाकून मागे सरकतो. आणि घरी तुझी ताई मिक्सर लावायच्या आधी मला हाक मारून सांगते, म्हणजे मी दचकायला नको.

सोमवारी यंत्र सुरू करायचं आहे. तुझं कुलूप कटरने तोडू म्हणत होते. मी स्विचपुढे स्टूल टाकून बसलोय, कुणाला हात लावू देत नाही. यंत्र सुरू करण्याआधी आत उतरून पातं तपासायचं काम माझ्याकडे द्या, असंही बोलून बसलोय. मोठा आव आणला खरा, पण तुला म्हणून सांगतो, बाहेर दुसरं कुणी उभं असेल, तर माझा पाय उचलणार नाही. किल्ली घेऊन ये. तुझ्या कुलपाशेजारी मी माझं लावतो. मी आत असेन तोवर तिथून हलू नकोस, आणि मी बाहेर आलो की तुझं तूच काढ.

तुझाच,
दाजी