स्पर्शिकेची सही

३ मार्च २००८, सोमवार

स्पर्शिका, पडद्यावरचा मजकूर ब्रेलमध्ये उमटवणारी माझी पट्टी, बंद. बँकेतला नवा संगणक सुरू केला, बोटं पट्टीवर ठेवली — ब्रेलचं एक टिंबही वर आलं नाही.

हेड ऑफिसकडून नव्या मशिनी बसवायला आलेला गंधार म्हणाला, नव्या सिस्टिमचे सुरक्षेचे नियम कडक आहेत. जोडलेल्या उपकरणाचं बोलणं संगणकाला समजावून देणारा जो छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर, त्यावर तपासून दिलेली डिजिटल सही हवी. सही नाही तर प्रवेश नाही. स्पर्शिका पुण्याच्या देवधरांनी आपल्या वर्कशॉपात बनवलेली. तिला कुठली सही!

मॅनेजर खेर म्हणाले, वाचून दाखवणारा आवाज आहे ना तुमच्याकडे? आहे. पण माझं काम फोनवरचं. एका कानात खातेदार, दुसऱ्यात संगणक, दोघंही एकदम बोलणार. शिवाय मराठी नावांचं तो असं काही करतो की खातेदाराला स्वतःचं नाव ओळखू येऊ नये. आजवर मी बोटांनी खातं वाचलं आणि कानांनी माणूस ऐकला. दिसत नाही म्हणून काम अडलं नव्हतं. आज अडलं.

४ मार्च

फोन दुसऱ्या टेबलावर नेला. मी नुसती बसून.

५ मार्च

घरी नवऱ्याला, भास्करला, सगळं सांगितलं. म्हणाला, नको एवढा त्रास करून घेऊ, माझ्या शाळेच्या पगारात भागेल आपलं. प्रेमानेच म्हणाला, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, भागण्याचा प्रश्नच नाही. मग त्यानेच देवधरांचा नंबर लावून दिला.

देवधर म्हणाले, सहीसाठी ड्रायव्हर निम्माअधिक नव्याने लिहावा लागेल. वर्कशॉपात आता ते एकटेच. वेळ लागेल. किती, ते सांगता येईना त्यांना.

लागू दे.

७ मार्च

सकाळी गंधार माझ्या टेबलाशी आला. संगणक सुरू होताना एक बटण दाबलं की ती तपासणी बंद ठेवता येते म्हणे. तो गुपचूप रोज करून देणार. आणि टिंबं वर आली! पहिलं नाव वाचलं आणि फोन परत माझ्या टेबलावर मागवला. जेवायच्या सुट्टीपर्यंत फोन घेतले.

डबा उघडला तरी मनातून जाईना. त्याला विचारलं, तपासणी बंद असताना दुसरंही काही आत शिरू शकतं का? तो खोटं बोलला नाही. म्हणाला, शिरू शकतं, आणि शिरलं तर खात्यांपर्यंत पोचेल.

मी म्हटलं, मग उद्यापासून नको.

"ताई, कुणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना आता."

लोक माझ्या भरवशावर फोनवर खातं सांगतात. दारात कोण आहे हे विचारणं चूक नाहीच. माझ्या वस्तूला आपलं नाव सांगता यायला हवं, एवढंच. ते मिळवायचं.

१० मार्च

खेरांनी मला रेकॉर्डच्या खोलीत पाकिटं चिकटवायला बसवायचं ठरवलंय. "तुमच्या सोयीसाठीच हो." मी म्हटलं, माझी सोय फोनवर आहे, मला मुदत द्या. ते नाही म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात मिरकरवाड्याची काशी काउंटरवर आली. मासळी विकते. मुलगा बोटीवर असतो, त्याचा पगार जमा झाला का ते दर महिन्याला मला फोन करून विचारते.

"ती बाय कुठं गेली? नवा मानूस माझा नाव पन नीट ऐकत नाय. मी कोनाला इचारू?"

अख्ख्या बँकेने ऐकलं. खेरांनी एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली.

२२ मार्च

देवधरांकडून स्पर्शिका वापरणाऱ्यांचे नंबर घेतले आणि एकेकाला फोन लावला. नागपूरचे एक शिक्षक. साताऱ्याच्या कोर्टातले टंकलेखक. सोलापूरची आरोही, वकिलीचं शिकते. नवी मशीन आली की सगळेच अडणार. साताऱ्याच्या गृहस्थांचा भाऊ प्रोग्राम लिहितो — तो उद्यापासून देवधरांबरोबर बसणार!

चाचणी माझ्याकडे. गंधारने एक सुटी मशीन घरी न्यायला दिलीय, तिच्यात एकही खातं नाही. तिथे तपासणी बंद ठेवली तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

६ एप्रिल, पाडवा

श्रीखंड खाल्लं. पुण्याहून आलेली नवी सीडी लावली. 'ट' च्या जागी 'ठ' येतोय. पाटील म्हणे पाठील. भास्कर पोट धरून हसला, मग मीही. देवधरांना कळवलं.

१५ एप्रिल

ट जागेवर, तर आता जोडाक्षरं गेली. देवधर थकल्यासारखे वाटले. म्हणाले, इथेच थांबू या का? मी म्हटलं, तुम्ही थांबा हवं तर, मला उद्या जोडाक्षरं हवीत. हसले.

२५ एप्रिल

सही मिळाली.

गंधारने माझ्या नेहमीच्या मशीनवर ड्रायव्हर चढवला. तपासणी चालू. मी पट्टीवर बोटं ठेवून बसले. टिंबं वर आली. पूर्ण ओळ, जोडाक्षरांसकट.

फोन माझ्या टेबलावर परत आला. पहिला फोन नेमका कुणा कुलकर्ण्यांचा होता आणि ते उगाचच चिडलेले होते. त्यांचं बोलणं मी किती आनंदाने ऐकून घेतलं!

९ मे

देवधर स्वतः रत्नागिरीत आले. त्यांचा मुलगा यापुढे वर्कशॉप बघणार आहे. दरवर्षी नवी सिस्टिम येणार, नवी कुलपं येणार. प्रत्येक वेळी माणूस अडल्यावर धावण्यापेक्षा आधीच कुणीतरी बोटं ठेवून बघायला हवं. याल का, म्हणाले. पगारी नोकरी. पुण्यात.

विचार करून सांगते म्हटलं. खरं तर विचार झाला होता.

१२ मे

राजीनामा दिला. घरी येऊन भास्करला सांगितलं. कपाटावरून मोठी बॅग ओढून काढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "जा. शनिवारी मी येत जाईन."