चौथ्या खुर्चीवरचा धोंडा

१२ जानेवारी २००७
भिवंडीत पोहोचलो. जुन्या फोटोंतून गावाचा इतिहास लिहायला यांना पुण्याहून माणूस मागवावा लागतो, यातच सगळं आलं! खोली मात्र छान, उजेडाची. खाली लूमची खटखट. मला बोलावणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष दौलतशेठ मोठ्या कौतुकाने अल्बम दाखवतात. लग्नाच्या फोटोतही सगळे मयताला आल्यासारखे उभे. मी 'वा, वा' म्हणतो. वेड्यांच्या बाजारात दुसरं काय म्हणणार?

१४ जानेवारी
जवळच्या कोन गावच्या गुणाबाईंनी नवरा आणि दिरांचा फोटो दिला. तीन खुर्च्यांवर तीन मिशाळ भाऊ, चौथीवर चक्क धोंडा! तिघांनी मिळून काही करू नये, म्हणून दगडाला चौथा धरायचा. तिघं बाहेर निघाले की खिशात खडा टाकतात, हे ऐकून होतो. इथे त्याला खुर्ची देतात. म्हातारीने बजावलं, "धोंडा काढू नको रं. चवथी जागा रिकामी र्‍हात न्हाय." माझ्या पाकिटात मी, बायको भावना आणि छोटी ऋतिका अशा तिघांचाच फोटो आहे. काय बिघडलं?

१५ जानेवारी
कॉम्प्युटरवर धोंडा पुसून टाकला. गावात जिवंत धोंडे काय कमी आहेत!

१७ जानेवारी
छापखान्यातून प्रूफ आलं. रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर कुणाचा तरी हात. छापणारा प्रितेश म्हणतो, फाइलच तशी होती. मूर्ख. स्वतः घोळ घालून वर तोंड.

१८ जानेवारी
प्रूफमधला हात आज कोपरापर्यंत आलाय. चौकड्यांचा शर्ट. उजव्या मनगटावर घड्याळ. मी डावखुरा, म्हणून मी तसं घालतो. या गावात आणखी कुणी —

१९ जानेवारी
गुणाबाईंचा मूळ फोटो बाहेर काढून पाहिला. त्यातूनही धोंडा गेलाय. चौथ्या खुर्चीवर खांदे आणि मान. वर चेहरा नाही.
घाबरलो. लिहायला लाज वाटते, पण घाबरलो.
कोनला पळत गेलो. म्हातारी म्हणाली, धोंडा उठला की परत बसत न्हाय, दुसरीकडं जागा बघतो.

२० जानेवारी
भावनाला फोन केला. विचारत होती, कोण बोलतंय. मागून ऋतिका हसत होती.
पाकिटातला फोटो — भावना, ऋतिका. मध्ये धोंडा. ऋतिकाचा हात त्याच्यावर —

दुपार
चौथ्या खुर्चीवर चेहरा आला. माझाच.
मिशाळ अडाणी हसताहेत. कडेचा सरकून मला जागा कर