माझे दुकान धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, धंदा बायकांचे केस कापणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या बहिणीचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

१. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला जाण्यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते रुसून लिहिले होते. धाकटीला काहीही देऊ नये, हे त्यात दोनदा आले आहे.

२. राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या लेकीला. भिंतींचा रंग बदलू नये अशी अट घालणार होते, पण ती ऐकायची नाही.

३. दुकान, खुर्च्या, आरसे आणि सगळ्या कात्र्या धाकटीला. याचे कारण नोंदवणे भाग आहे. माझ्याच हाताखाली शिकून तिने माझ्याच समोर दुकान थाटले, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. पुढे मला रक्ताचा कर्करोग झाला आणि मज्जा जुळली ती नेमकी तिची. तिने आढेवेढे न घेता दिली.

प्रत्यारोपणानंतर मला काचेच्या खोलीत एकटीला ठेवले. तोंड आतून सोलवटलेले, डोक्याचा गोटा. मी भिंतीकडे तोंड फिरवले ते फिरवलेच. जेवण परत, चालणे बंद, गोळ्या उशीखाली. मनोविकारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "हा हट्ट नाही, नैराश्य आहे. त्यावरही उपचार असतात." त्यांनी औषध सुरू केले आणि धाकटीला बोलावून घेतले.

ती काचेपलीकडे बसली. फोनवर म्हणाली, "ताई, तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतायत. बँकेतल्या बाईंना आज कपाळावर केसांची झालर कापून दिली."

"त्यांचं कपाळ जेमतेम दोन बोटं आहे," मी म्हणाले. कित्येक दिवसांतले माझे पहिले वाक्य.

"मग ये आणि नीट कर."

रोज ती एकेकीच्या केसांची वाट लावल्याचे सांगायची. भांडायला अंगात जोर हवा, म्हणून मी सूप प्यायला लागले, मग गोळ्या, मग खोलीतल्या खोलीत फेऱ्या. घरी आल्यावर बँकेतल्या बाई भेटायला आल्या. केस खांद्याखाली वाढलेले. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं दुकान बंदच होतं की. रोज दवाखान्यात असायच्या."

४. चुलत दीर त्या दिवसांत फोनवर म्हणाले होते, "मन खंबीर ठेवा, काही होत नाही." शेजारच्या खोलीतल्या शिक्षिकाबाई माझ्याहून कितीतरी खंबीर. नर्सनाही हसवायच्या. त्या गेल्या. त्यांचे मन कुठे कमी पडले, हे दिरांनी मला समजावून सांगावे. मनाने मज्जा रुजत नाही. मन ठिकाणावर असले तर गोळी पोटात जाते, एवढेच मला कळले. दिरांना माझा केसांचा टोप द्यावा.

५. माझा रक्तगट आता धाकटीचाच झाला आहे. लेकीने हे लक्षात ठेवावे.

६. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून सहीच्या वेळी धाकटीला बाहेर पाठवले. दारातून वळून ती म्हणाली, "ताई, मला दुकान नको. तूच चालव." हे मृत्युपत्रात बसत नाही, असे वकिलांचे म्हणणे. तरीही मी लिहिले आहे.

सही: थोरली

साक्षीदार:
१. बँकेतल्या बाई
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले

स्थळ: माझे दुकान
दिनांक: सात फेब्रुवारी, सोमवार