ऑपेराची चारशे वर्षं, रोज पन्नास

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी सहा.
सांगलीचे व्याही हंबीरराव काल पुन्हा म्हणाले, संगीत नाटक म्हणजे सांगली. सातारकरांनी पलटणीत बँड वाजवावा. त्याच बँडमध्ये मी सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवलंय. अंगाचा तिळपापड झाला. फोनवरच सांगितलं, पुढच्या रविवारी तुमच्या मंडळात ऑपेराच्या, म्हणजे युरोपातल्या संगीत नाटकाच्या, इतिहासावर बोलतो! ते म्हणाले, या की. आता माघार नाही. लेक माया त्यांच्या घरात दिलीय. तिच्यासमोर बापाची मान ताठ राहिली पाहिजे.
ऑपेरा सुरू झाला १६००च्या आसपास. रोज पन्नास वर्षं, आठ दिवसांत चारशे. उरलेली पंचवीस एसटीत.

९ नोव्हेंबर.
काल टाइमटेबल तीन रंगांत आखण्यात दिवस गेला. आज शंभर वर्षं.

तीच तारीख, संध्याकाळ.
फ्लॉरेन्सच्या विद्वानांना वाटलं की जुन्या ग्रीक नाटकांत सगळे गाऊनच बोलायचे. म्हणून त्यांनीही तसं करून पाहिलं. म्हणजे एवढी मोठी कला एका समजुतीवर उभी राहिली! वाचून डोकं जड झालं. प्रगती: दोन वर्षं.

११ नोव्हेंबर.
प्रात्यक्षिक. सौ.कडे चहा गाऊन मागितला. तिनं विचारलं, दाढ लय दुखतीया का? रिक्षावाल्याला 'पोवई नाका' आळवून सांगितलं. त्यानं थेट दवाखान्यात नेलं आणि पैसेही घेतले नाहीत. साताऱ्यात कलेची कदर आहे.

१३ नोव्हेंबर.
कोट शिवायला टाकला. १६३७ साली व्हेनिसला तिकीट काढून कुणालाही ऑपेरा बघता येऊ लागला. तोवर फक्त राजेरजवाड्यांना. फार महत्त्वाचं वर्ष. इथं दोन दिवस मुक्काम करतो.

१५ नोव्हेंबर.
कोट छान झालाय. बाकी: तीनशे अठ्ठ्याऐंशी वर्षं. सौ. म्हणाली, आवं, एवढी वर्षं एसटीत मावत्यात व्हय? तिला माझा वेग माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, एसटीत.
खिडकी मिळाली. कराडपर्यंत डोळा लागला. पुढं शेजारच्या गृहस्थांनी ऊसतोडीचा विषय काढला. नाही कसं म्हणणार?

संध्याकाळ.
चाळीस मिनिटं बोललो. पस्तीस बँडवर, कारण पाया घालावाच लागतो. व्हेनिसच्या थिएटरचं दार उघडलं आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. मग अध्यक्षीय समारोपाला हंबीरराव उठले. उरलेली सगळी वर्षं त्यांनी सहा मिनिटांत सांगितली. कागद न बघता. शेवटी एक तान मारली, तर सभागृहातून 'वन्स मोअर' आला. माया उभी राहून टाळ्या वाजवत होती, सासऱ्यांसाठी. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण माणूस बोलला लय भारी. मीही टाळ्या वाजवल्या.
तरी विषय कुणी काढला? मीच.

१७ नोव्हेंबर.
पेपरात बातमी आली! फोटोत माझा कोट ठळक दिसतो. मथळा: 'ऑपेराच्या चारशे वर्षांवर हंबीररावांचे अभ्यासपूर्ण व्याख्यान.'
माझंही नाव आहे, शेवटच्या ओळीत. 'प्रास्ताविक नाथाजीराव यांनी केले.'